धक्क्यावरच्या बाईचा हात

माझा घोडा सावर्डेकर सरांनी पहिल्याच दिवशी मारला. पांढराशुभ्र होता, कपाळावर टिळा होता, मी त्याचं नावसुद्धा ठेवलं होतं. सरांनी चष्मा कपाळावर चढवून चित्र बघितलं आणि रूपालीला विचारलं, "चालताना ह्याचे पाय किती?"

"चार, सर."

"आणि पळताना?"

"पळताना पण चारच."

"मग काढून टाका," सर म्हणाले आणि डबा उघडून जेवायला बसले. त्या घोड्यावर मी कॉलेजपासून विचार करत होतो.

द्रोणागिरीत एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसवर आमचा गेम स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या आणि एक लांबलचक पॅसेज. खालून कंटेनरचा ट्रेलर गेला की काचा थरथरायच्या, म्हणून रूपाली ट्रेलर पुढे गेल्यावरच रेघ ओढायची. ती चित्रं काढायची आणि हलवायची, प्रणव कोड लिहायचा, आणि मी गोष्ट लिहायचो. म्हणजे लिहिणार होतो. कारण आमचं खरं काम दारांचं होतं. परदेशी कंपन्यांच्या मोठमोठ्या गेममध्ये मागे जी दारं, पिंपं आणि खोकी दिसतात, ती आम्ही करून पाठवायचो. जगभरात लोक आमच्या दारांसमोरून धावत असतात. त्यातलं एकही उघडत नाही. उघडणाऱ्या दारांचं काम दुसऱ्या कुणाला तरी मिळायचं.

मालक समीर ठाकूर, जासईचे. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. त्यांची घरची जमीन कंटेनर यार्डाला भाड्याने दिलेली होती. लहानपणी गेम खेळण्यावरून त्यांनी बापाचा बेदम मार खाल्ला होता आणि मोठेपणी त्याच रागातून हा स्टुडिओ काढला होता. एक दिवस ते येऊन टेबलावर बसले आणि म्हणाले, "बास झाली दारा. आता आपला सोताचा गेम पायजे. पन साधा. तीन आठवडं देतो. काय करनार, कसा करनार, कोन किती राबनार, सगला कागदावर दाखवा. पटला तं करू. नाय पटला तं परत दारा."

ह्या तीन आठवड्यांसाठी त्यांनी सावर्डेकर सरांना आणलं.

सरांना मी आधीपासून ओळखत होतो, पण नुसतं बघून. उलव्याला ते आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायचे. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेन्सिल, साठीच्या आतबाहेरचं वय. मला वाटायचं, बँकेत असतील. त्यांनी जन्मभर कार्टून हलवली आहेत हे मला ऑफिसातच कळलं, आणि तेही पटायला वेळ लागला. हसताना मी त्यांना फारसं बघितलं नव्हतं.

कामाचं माप सरांच्या लेखी दिवस नव्हतं की तास नव्हतं. डबा होता. एखादी गोष्ट पुरी होईपर्यंत ती करणाऱ्या माणसाला ऑफिसात बसून किती डबे खावे लागतील, एवढंच ते विचारायचे. "दिवस म्हटलं की माणूस थापा मारतो," ते म्हणायचे. "रविवार पण दिवसच असतो. डबा म्हटलं की पोटाला विचारून सांगतो." आम्ही सुरुवातीला हसलो. मग एकदा प्रणव फोनवर आईला सांगताना ऐकू आला, की मावशीकडच्या साखरपुड्याला जमणार नाही, अजून चार डब्यांचं काम बाकी आहे. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने जास्तीच्या पोळ्या पाठवल्या.

काम घरी नेऊन करते किंवा करतो, असं म्हणायची सोय नव्हती. "घरी खाल्लेलं पण जेवणच असतं," सर म्हणायचे. "डबा धरायचा." सहा वाजले की ते उठून खोलीतला दिवा बंद करायचे. आम्ही आत असलो तरी करायचे.

त्याला कारण होतं. तरुणपणी ते एका कंपनीत होते, तिथे अष्टभुजा देवीवर मोठी कार्टून फिल्म काढायला घेतली होती. आठ हात, आठ शस्त्रं, आणि प्रत्येक हात वेगळा फिरला पाहिजे अशी दिग्दर्शकाची श्रद्धा. तेव्हा सगळं हाताने काढायचं. आधी किती लागेल याचा हिशेब कुणी केलाच नव्हता. सुरू करू, देवी बघून घेईल, असं ठरलं होतं. माणसं घरी न जाता चित्रं काढत होती. तिसऱ्या हाताला कंपनी बंद पडली.

"देवीचं काही अडलं नाही," सर सांगायचे. "तिच्याकडे अजून पाच होते."

तेव्हापासून सरांनी हातांचा जो धसका घेतला तो कायमचा.

आता माझा गेम. एक वीर, एक किल्ला, एक राक्षस आणि तो घोडा. घोडा गेल्यावर वीर पायी निघाला. सरांनी पायांची चौकशी केली. दोनच आहेत म्हटलं, तर म्हणाले, "दोन तरी कशाला? होडीत बसव. कमरेखालचं दिसायचं कारण नाही." किल्ल्याजवळ खाडी नव्हती, ती आणली. होडीत बसून तलवार फिरवली की होडीच कापली जाईल असं प्रणव म्हणाला, म्हणून तलवार गेली. तलवार गेल्यावर राक्षस नुसताच ताटकळायला लागला, तोही गेला. आणि राक्षस नाही म्हटल्यावर किल्ल्यात ठेवायचं काय, म्हणून किल्ला गेला. वीराच्या हातात वल्हं उरलं.

"हात," सर म्हणाले.

होडीला मशीन बसवलं. वल्हं गेलं, तरी हात होतेच. शेवटी तोड रूपालीनेच काढली. पाऊस दाखवायचा आणि त्याला इरलं घालायचं; पूर्वी भातलावणीला बायका डोक्यावरून पाठीवर घ्यायच्या तसलं, पानांचं. हात आत राहतात. शिवाय पाठमोरा बसवला की नाक, डोळे, तोंड, काहीच लागत नाही. सर खूश झाले. त्यांनी तिला आपल्या डब्यातली कोथिंबीर वडी दिली.

असा माझा वीर पावसात पाठ करून बसलेला पानांचा ढीग झाला. त्या दिवशी मी घरी जेवलो नाही. आईने विचारलं तर म्हटलं, भूक नाही. खरं तर मला सरांचं तोंड बघवत नव्हतं.

एवढं झालं तरी काँप्युटर लावायला परवानगी नव्हती. गेम आधी जमिनीवर खेळून बघायचा, आणि त्यात मजा आली तरच पुढे, असा सरांचा नियम होता. त्यांनी पॅसेजमध्ये खडूने खाडी काढली. अलीकडे एक धक्का, पलीकडे एक धक्का, मध्ये एक वळण. चाकांची खुर्ची ही होडी. वीर आता इकडची माणसं तिकडे नेणारा नावाडी झाला होता; तो नावाडी मी. मला रेनकोट घालून हात आत घ्यायला लावले आणि मागून सर स्वतः ढकलू लागले. प्रवासी म्हणून आधी पाण्याची बाटली नेली, मग कागदाचे गठ्ठे, मग रूपालीची पर्स. सगळं सुखरूप पोचलं. तिघांनाही कंटाळा आला.

"मजा नाही," सर म्हणाले, जसं काही चूक आमची होती.

मग प्रणव प्रिंटर पोटाशी धरून खुर्चीच्या एका हातावर बसला आणि वळणावर सगळी होडी आडवी झाली. मी तोंडावर पडलो. हात रेनकोटच्या आत असल्यामुळे टेकायलाही मिळाले नाहीत. रूपाली हसून हसून भिंतीला टेकली. सर मला उचलायला येतील असं मला वाटलं होतं. ते खडूच्या रेषेजवळ उकिडवे बसून कुठलं चाक आधी उचललं गेलं ते बघत होते.

"परत करा," ते म्हणाले.

तिथे आमचा गेम सापडला. होडीत कोण कुठे बसलं म्हणजे ती वळणावर कलंडणार नाही, एवढाच. आज एक बकरी आणि दोन बँडवाले, उद्या कोळीणबाई, तिच्या पाट्या आणि नवरदेव. सारख्या वजनाचे शेजारी बसायला तयार नसतात, बकरी नवरदेवाचा हार खाते, बँडवाला ढोल सोडत नाही. आदळआपट ऐकून खालच्या ऑफिसातले घरत तक्रार करायला वर आले. घरत चांगलेच वजनदार गृहस्थ होते. सरांनी त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि त्यांना नवरदेव म्हणून बसवलं. दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत घरत आपण होऊन आले.

"आज होडी हाय का?" त्यांनी दारातून विचारलं.

सरांनी आमच्याकडे वळून सांगितलं, "आता काँप्युटर लावा."

मग सगळ्या खेळाची चित्रं ओळीने कागदांवर काढून सरांनी ते कागद भिंतीवर लावले. कुठल्या कागदाला किती डबे ते खाली पेन्सिलीने. बकरीची फक्त दाढी हलणार होती. तोंडातल्या पिपाणीने बँडवाल्यांचे गाल फुगणार होते, पण हात ढोलामागे. नवरदेवाचे हात हाराखाली. कोळीणबाईचे पाटीमागे. साऱ्या गेममध्ये हात म्हणून कुणाला दिसणार नव्हता. फक्त एका कागदावर होता. अलीकडच्या धक्क्यावर एक बाई उभी होती. होडी सुटली की ती हात वर करणार आणि होडी वळणाआड जाईपर्यंत हलवत राहणार. बांगड्यांसकट.

रूपाली त्या कागदासमोर बराच वेळ उभी राहिली.

"सर, ही कोण?"

"बाई आहे."

"ती होडीत बसते का?"

"नाही."

"तिने काय होतं? पॉइंट मिळतात?"

"नाही."

"हिला खूप डबे लागतील, सर. खांदा, कोपर, मनगट, वर बांगड्या."

"लागू देत."

सरांच्या तोंडून हे शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो. प्रणवने हेडफोन काढला. रूपालीला राहवलं नाही. "पण सर, नावाड्याला तर आपण हातच नाही दिले. ती एवढा हात करणार आणि हा ढिम्म बसणार? उलट हात नको करायला त्याने?"

"नाही करत काही लोक," सर म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करायला लागले.

त्या दोघांना ते कळलं नाही. मला कळलं, कारण मी समोरच्या बिल्डिंगमध्ये राहत होतो. आमच्या गॅलरीत मी सकाळी चहा घ्यायचो आणि रोज बघायचो. सर खाली उतरायचे, कोपऱ्यावर वळण्याआधी थांबून वर बघायचे. वर तिसऱ्या मजल्यावर त्यांच्या बायको, शैलाकाकू, उभ्या असायच्या आणि हात हलवायच्या. अर्धा हात नाही, पुरा, शाळेतल्या मुलीसारखा. सर नुसती मान हलवायचे. त्यांच्या एका हातात डबा असायचा, दुसऱ्या हातात छत्री आणि बॅग. सर वळले तरी काकू थोडा वेळ हात हलवत राहायच्या, कारण कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या पुढे ते परत क्षणभर दिसायचे. काकू गेल्या त्याला तेव्हा दीड-दोन वर्षं झाली होती. डबा आता खानावळीतून यायचा. सर अजून त्या कोपऱ्यावर थांबायचे आणि वर बघायचे. वर वाळत घातलेला टॉवेल असायचा.

मी हे रूपालीला सांगितलं. तिने पुन्हा काही विचारलं नाही. संध्याकाळी तिने घरी जाऊन आईला धक्क्यावर उभं राहिल्यासारखं उभं करून हात हलवायला लावला आणि फोनवर शूटिंग केलं. हा डबा धरायचा की नाही, ते तिने सरांना विचारलं नाही.

तीन आठवडे संपले. दादा आले, भिंतीवरचे कागद एका टोकापासून बघत गेले. बकरीपाशी हसले. नवरदेवाकडे बघून म्हणाले, "यो तं घरतच हाय." आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मग दादा खुर्चीत बसले आणि तोंड पुसलं.

"मला पटलाय," ते म्हणाले. "पन भानगड झाली. दारांची मोठी ऑर्डर आलीय. रूपालीला मी सगली तुमाला देऊ शकत नाय. ह्यातलं थोडं डबं कमी करा. आजच्या आज बसत असंल तं करू. नायतं गेम नंतर बगू."

'नंतर बगू' म्हणजे काय ते आम्हाला माहीत होतं. दारं आली की दारं संपत नाहीत. एक ऑर्डर दुसरीला घेऊन येते. तो गेम त्या दिवशी ठरला नसता तर कधीच झाला नसता, आणि आम्ही तिघं मध्यमवयीन होईपर्यंत न उघडणारी दारं काढत बसलो असतो.

आम्ही काय काय द्यायला तयार झालो! मी पाऊस काढा म्हटलं. पाऊस काढला तर इरलं कशाला, आणि इरलं काढलं तर हात आले. प्रणव बकरी द्यायला निघाला. बकरी गेली तर गेमच गेला. बँडवाल्यांचे गाल काढूनही फारसे डबे वाचत नव्हते. सर भिंतीपाशी गेले, कागदांवरून हळूहळू बोट फिरवत अलीकडच्या धक्क्यापाशी आले आणि थांबले.

"हात काढा," ते म्हणाले.

आवाज तोच होता, घोड्याच्या वेळचा.

"सर, नको," रूपाली म्हणाली. "मी घरी करते. प्लीज, सर. निम्मा झालाय माझा."

"घरी खाल्लेलं पण जेवणच असतं."

"कंचा हात?" दादांनी विचारलं.

"धक्क्यावरच्या बाईचा."

"आँ. तिचा तसा बी काय उपेग व्हता?"

"काही नाही," सर म्हणाले. त्यांनी कागद खाली घेतला, खोडरबराने हात खोडला, आणि अंगालगत सरळ दोन रेषा ओढल्या. खालचा डब्यांचा आकडा खोडून शून्य लिहिलं. मग कागद होता तिथे परत लावला.

रूपाली पॅसेजमध्ये जाऊन रडली. मला सरांचा राग आला होता. घोड्याच्या वेळी आला त्याहून जास्त आला, आणि ह्या वेळी तो कुणासाठी आला होता तेही मला कळत होतं. एवढा काटेकोर माणूस एकदा चुकला असता तर काय बिघडलं असतं? पण मग तिसऱ्या हाताला बंद पडलेली कंपनीही डोळ्यांसमोर यायची. दादा उठले, म्हणाले, "चला, लागा कामाला." गेम मंजूर झाला.

तो झाला, आणि सर म्हणाले होते तेवढ्याच डब्यांत झाला. ह्या धंद्यात असं होत नाही, हे मला पुढे दुसऱ्या ठिकाणी काम करताना कळलं. गेम काही फार गाजला नाही, पण लोक खेळले. घरतांनी सगळ्या नातेवाइकांना तो जबरदस्तीने खेळायला लावला. आणि दादांनी दुसरा गेम करायचा म्हटल्यावर आम्ही पहिल्या दिवशी आपण होऊन खडू आणला.

सर मात्र दुसऱ्या गेमला नव्हते. मुलीकडे कोल्हापूरला राहायला जायचं त्यांनी ठरवलं होतं. उलव्याचं घर भाड्याने दिलं होतं. शेवटच्या दिवशी आम्ही जेवण बाहेरून मागवलं आणि सरांना डबा आणू नका असं बजावलं. ते रिकाम्या हातांनी आले, त्यामुळे जरा अवघडल्यासारखे दिसत होते. हात कुठे ठेवायचे ते त्यांना समजत नव्हतं.

जेवण झाल्यावर रूपालीने त्यांच्यापुढे टॅब ठेवला. तोवर सरांनी तो गेम एकदाही खेळला नव्हता. खेळा म्हटलं की म्हणायचे, मी खेळत नाही, मी काढतो. त्या दिवशी काढायला काही उरलं नव्हतं. त्यांनी चष्मा नीट केला आणि एका बोटाने बकरी उचलून होडीत ठेवली. पहिल्या फेरीला होडी कलंडली. "बरोबर आहे," ते म्हणाले. दुसऱ्या फेरीला त्यांनी नवरदेवाला मध्ये घेतलं, बँडवाले दोन बाजूंना बसवले. पाऊस लागला होता. होडी सुटली.

रूपाली आणि प्रणव पॅसेजमध्ये पानं-द्रोण गोळा करत होते. खोलीत मी एकटा होतो, तोही दाराशी, सरांच्या पाठीमागे. पडद्यावर धक्क्यावरची बाई उभी होती, हात अंगालगत, नुसतं चित्र. इरलं घातलेला नावाडी पाठ करून चालला होता.

सरांचा उजवा हात टॅबवरून उठला. आधी छातीपर्यंत आला, थांबला, मग पुरा वर गेला आणि हलायला लागला. होडी वळणाकडे निघाली होती. ते हात हलवत होते. होडी वळणाआड गेली तरी थोडा वेळ हलवत होते.

मग त्यांना मी टॅबच्या काचेत दिसलो असेन. हात खाली आला.

"ह्याला डबे लागत नाहीत," मागे न बघता सर म्हणाले, आणि त्यांनी पुढची फेरी लावली.